खुनी आधीच ठरलेला असतो, मग आपण ठरवतो ते काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्या बातम्यांनंतर आमच्या ओळखीच्या काही घरांत 'गेम' हा शब्द जुगाराचा पर्यायी शब्द होऊन बसला आहे. आमच्या आईनेही तिच्या नातवाला, म्हणजे माझ्या भाच्याला, एकदा गंभीरपणे विचारले होते, "किती हरलास रे?" तो बिचारा त्या वेळी एका भरकटलेल्या जहाजावरच्या मृत खलाशांची नावे शोधत होता. पैशांच्या हारजितीशी संबंध नसलेले खेळ त्याच कायद्याने वेगळे काढले आहेत, हे आईला समजावून सांगायला दहा मिनिटे लागली. तो नेमका काय खेळत होता हे समजावायला मात्र दिवाळीची अख्खी सुट्टी लागली, आणि सुट्टी संपेपर्यंत घरातली सहा माणसे तोच खेळ खेळत होती.

या लेखात अशाच खेळांविषयी लिहायचे आहे. त्यांत पैज नसते, बक्षीस नसते आणि बहुतेकदा जिंकणेही नसते. खेळ एकदा विकत घ्यायचा आणि कादंबरीसारखा शेवटापर्यंत न्यायचा. पडद्यावर एक रहस्यकथा उलगडत असते. ठरावीक टप्प्यांवर ती थांबते आणि विचारते, आता काय करायचे? दार उघडायचे की नाही, साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की त्याला खोटे पाडायचे, दोघांपैकी कोणाला वाचवायचे? आपण उत्तर द्यायचे आणि कथा त्या उत्तराप्रमाणे पुढे जाते. इथपर्यंत सारे सोपे आहे. गोंधळ होतो तो पुढच्या प्रश्नांनी: कथा खरोखर बदलते का, बदलत असेल तर रहस्याचे काय होते, आणि कंट्रोलर, म्हणजे खेळ चालवायचे हातातले यंत्र, एकच असताना घरातली पाचसहा माणसे मिळून एक खेळ कसा खेळतात?

लाल बटण, हिरवे बटण

ही कल्पना संगणकावरच्या खेळांच्या आधीची आहे. १९६७ साली कॅनडातील माँट्रियल येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात 'किनोऑटोमॅट' नावाचा एक प्रयोग दाखवला जात असे. रादूझ चिन्चेरा हे त्याचे कर्ते. प्रेक्षागृहातल्या प्रत्येक खुर्चीला एक लाल आणि एक हिरवे बटण बसवलेले होते. चित्रपट मध्येच थांबे, निवेदक मंचावर येऊन दोन पर्याय सांगे, प्रेक्षक बटण दाबून मत देत आणि बहुमत ज्या बाजूला असेल तो भाग पुढे दाखवला जाई. यातली खरी चलाखी अशी होती की कोणताही पर्याय निवडला तरी थोड्या वेळाने कथा पुन्हा त्याच जागी येऊन मिळत असे आणि शेवट एकच होता. न निवडलेला भाग प्रेक्षकांना दिसतच नसल्यामुळे एका खेळात बसून हे ओळखणे जवळजवळ अशक्य होते. आजच्या खेळांतले जवळपास सगळे डावपेच आणि त्यांच्यावरचे जवळपास सगळे आक्षेप या एका प्रयोगात आधीच येऊन गेलेले दिसतात.

व्हिडिओ गेमच्या रूपात हा प्रकार रुजायला वेळ लागला. जपानमध्ये १९८३ साली युजी होरी यांनी एका खुनाच्या तपासावर आधारलेला संगणकीय खेळ तयार केला होता. पण चित्रपटासारखी दृश्ये, खरे अभिनेते आणि खेळणाऱ्याच्या निर्णयाने मरणारी किंवा वाचणारी पात्रे असलेले खेळ घराघरांतल्या टीव्हीवर आले ते २०१० च्या आसपास. त्यांतला 'अंटिल डॉन' हा २०१५ सालचा खेळ आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील सुपरमॅसिव्ह गेम्स या कंपनीने तो एकट्या खेळाडूसाठी बनवला होता. बर्फाच्छादित डोंगरावरच्या बंगल्यात आठ तरुण मित्रमैत्रिणी अडकतात आणि त्यांपैकी पहाटेपर्यंत कोण जगते ते आपल्या निर्णयांवर अवलंबून असते. लोकांनी मात्र तो एकटा खेळायचा म्हणून घेतलाच नाही. मित्रांनी पात्रे आपसांत वाटून घेतली, ज्याचे पात्र पडद्यावर येईल त्याच्या हाती कंट्रोलर द्यायचा असा नियम केला आणि सोफ्यावर बसून एकमेकांच्या चुकांवर आरडाओरडा केला. कंपनीने ते हेरले आणि २०१९ च्या 'मॅन ऑफ मेदान' या खेळात पाच जणांपर्यंत कंट्रोलर फिरवत खेळण्याची सोय अधिकृतपणे दिली. म्हणजे घोळक्याने खेळण्याची रीत आधी लोकांनी पाडली आणि सोय नंतर आली.

दोनाचे चार, चाराचे आठ

प्रत्येक निर्णयाला कथेचा एक नवा फाटा फुटतो, म्हणून अशा रचनेला फाटे फुटणारी कथा म्हणता येईल. आता साधा हिशेब करू. प्रत्येक वेळी दोनच पर्याय दिले आणि फाटे कधीच एकत्र आणले नाहीत, तर दहा निर्णयांनंतर १,०२४ वेगवेगळ्या कथा तयार होतात. वीस निर्णयांनंतर हा आकडा १०,४८,५७६ होतो. यातल्या प्रत्येक कथेचा शेवट फक्त एक मिनिटाचा धरला, तरी सगळे शेवट पाहायला रात्रंदिवस बसून जवळजवळ दोन वर्षे लागतील; ते लिहिणाऱ्यांचे, अभिनय करणाऱ्यांचे आणि चित्रित करणाऱ्यांचे काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. त्यामुळे प्रत्येक खेळात फाटे थोडे अंतर वेगळे चालतात आणि पुन्हा एकत्र येतात.

आषाढी वारी डोळ्यांसमोर आणली की हे लगेच कळते. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून आणि तुकोबांची देहूहून निघते. पुण्यानंतर वाटा वेगळ्या होतात. एक पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, फलटणमार्गे जाते आणि दुसरी लोणी काळभोर, बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला दोन्ही भेटतात. वाखरीच्या तळावर उभा असलेला वारकरी कोणत्याही वाटेने आला असला तरी तो उभा त्याच जमिनीवर असतो. परंतु एकाच्या पायात दिवे घाटाचा चढ असतो आणि दुसऱ्याच्या नसतो. निवडींवर चालणाऱ्या खेळातही शेवटच्या प्रसंगाला आपण कोणत्याही वाटेने पोचलो तरी जागा बहुधा तीच असते. आपण कोणती वाट चाललो हे त्या जागी पोचल्यावर खेळाला आठवत असते, आणि ही आठवण कशी ठेवली जाते तेवढेच आता समजून घ्यायचे उरते.

दुकानदाराची वही

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे उधारीची वही असते. सोमवारी नेलेल्या पावशेर साखरेने सोमवारी काहीच बिघडत नाही. पण महिनाअखेरीला वही उघडली की ती साखर समोर येते. खेळाच्या आत अशीच एक वही असते. पहिल्या तासात आपण मित्राशी खोटे बोललो, की वहीत एक नोंद होते: खोटे बोलला, होय. चार तासांनी त्या मित्राच्या मदतीची गरज पडली, की खेळ ती नोंद वाचतो आणि मित्र येतो किंवा येत नाही. प्रसंग तोच राहतो, त्यातली एक व्यक्ती किंवा तिचा सूर बदलतो. अशा वीसपंचवीस नोंदी असल्या तर दोन घरांतल्या कथा हुबेहूब सारख्या होण्याची शक्यता फार कमी उरते, आणि तरीही चित्रित कराव्या लागणाऱ्या प्रसंगांची संख्या आटोक्यात राहते.

२०१२ साली टेलटेल या कंपनीच्या 'द वॉकिंग डेड' या खेळात नोंद झाली की पडद्याच्या कोपऱ्यात तसे लिहून येत असे: क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. क्लेमेंटाइन ही त्या कथेतली लहान मुलगी. त्या वाक्याची पुढे पुष्कळ थट्टा झाली, कारण अनेकदा त्या लक्षात ठेवण्यातून पुढे फारसे काही निघत नसे. मला ती थट्टा अर्धीच पटते. लहान मुलगी आपले वागणे पाहते आहे, एवढ्या सूचनेने मोठी माणसे पडद्यासमोरसुद्धा सावरून बसतात, आणि पुढे काही घडो वा न घडो, त्या क्षणापुरते त्या वाक्याने आपले काम केलेले असते.

येथे साहजिकच आक्षेप येतो की ही शुद्ध फसवणूक आहे. स्वातंत्र्याचा देखावा करून शेवटी आपल्याला ठरलेल्या जागीच आणले जाते. आक्षेपात तथ्य आहे, आणि एकट्याने तोच खेळ दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला तर जागोजाग शिवण उसवलेली दिसते. मात्र चार जणांत खेळताना वजन दुसऱ्याच ठिकाणी पडते. जखमी मित्राला खरे सांगायचे की धीर देणारे खोटे बोलायचे, यावर आमच्या घरी पाऊण तास वाद झाला. खेळाने पुढे त्या निर्णयाचे फार काही केले नाही. तरी माझा मेहुणा, जो घरात नेहमी 'जे आहे ते तोंडावर सांगावे' असे म्हणत असतो, त्याने खोट्याच्या बाजूने हात वर केला, आणि ते आम्ही अजून विसरलेलो नाही.

मग खुनी कोण, हे आपण ठरवतो का?

हा या विषयातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे. रहस्यकथेला एक पक्के सत्य लागते: खून कोणी केला, कसा केला, का केला. निवडींच्या कथेला मात्र मोकळीक लागते. खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे खुनीच बदलू लागला, तर पहिल्या तासात सापडलेल्या पुराव्याला अर्थ काय राहणार?

'क्लूडो' हा पट पुष्कळांनी लहानपणी खेळलेला असेल. १९४९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या त्याच्या मूळ रूपात सहा संशयित, सहा शस्त्रे आणि नऊ खोल्या आहेत. पत्ते पिसून प्रत्येकातला एक पाकिटात घालायचा, म्हणजे ६ × ६ × ९ अशी ३२४ उत्तरे शक्य होतात. प्रत्येक डावात खुनी नवा. पण त्याची किंमत अशी की त्या खुनाला कारण नसते. पिसलेल्या पत्त्यांतून कोणाचा मत्सर निघत नाही आणि कोणाचे जुने वैरही निघत नाही. खुनाचा हेतू हवा असेल तर पात्रांना भूतकाळ हवा, आणि भूतकाळ एकच असावा लागतो.

म्हणून बहुतेक खेळ एक तोड काढतात: भूतकाळ कुलूपबंद ठेवायचा आणि भविष्यकाळ उघडा ठेवायचा. २०१० च्या 'हेवी रेन' या खेळात आपण चार पात्रे चालवतो, त्यांतली पात्रे मेली तरी कथा पुढे चालू राहते, शेवटही अनेक आहेत. परंतु खुनी प्रत्येक वेळी तोच असतो. प्रत्यक्ष तपासातही असेच असते. पोलीस पोचतात तेव्हा गुन्हा घडून गेलेला असतो. आधी कोणाला विचारायचे, कोणती खोली सील करायची, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा हे तपास अधिकारी ठरवतो. त्यामुळे गुन्हेगार बदलत नाही, पण पुरावा हाती लागतो की नष्ट होतो, निरपराध माणूस सुटतो की अडकतो, हे सगळे बदलते. शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी इतपतच देता येते की सत्य आपल्याला किती कळेल आणि ते कळेपर्यंत कोणाला किंमत मोजावी लागेल, एवढे आपल्या हाती असते. अपवाद आहेत, १९९७ सालच्या 'ब्लेड रनर' या संगणकीय खेळात काही पात्रे माणूस आहेत की कृत्रिम मानव, हे प्रत्येक नव्या डावाच्या सुरुवातीला नव्याने ठरत असे. तसे खेळ थोडे आहेत, आणि ते थोडे का आहेत हे वरच्या हिशेबावरून कळावे.

निवड कमी, निष्कर्ष जास्त

याच कुळातली दुसरी शाखा अशी आहे की तिथे कथा पुढे ढकलायची नसते, घडून गेलेली जुळवायची असते. तिथे आपली निवड म्हणजे कुठे पाहायचे आणि काय मानायचे एवढीच. घरच्यांसोबत पहिल्यांदा खेळायचे असेल तर मी याच शाखेपासून सुरुवात करायला सांगेन, कारण इथे घाई नसते.

सॅम बार्लो यांचा 'हर स्टोरी' हा २०१५ सालचा खेळ घ्या. एका स्त्रीची पोलिसांनी १९९४ साली सात वेगवेगळ्या दिवशी घेतलेली जबानी जुन्या संगणकात २७१ लहान तुकड्यांत पडून आहे. आपण एक शब्द टंकायचा. तो शब्द जिथे जिथे तिने उच्चारला असेल ते तुकडे समोर येतात. अडचण अशी की कितीही तुकडे सापडले तरी त्यांतले काळानुसार पहिले पाचच पाहता येतात. म्हणजे नेहमीचा शब्द टाकला की सुरुवातीच्याच जबान्या पुन्हा पुन्हा दिसतात, आणि शेवटच्या दिवसाचे बोलणे हवे असेल तर ती शेवटीच उच्चारेल असा शब्द अंदाजाने काढावा लागतो. पोलिसांचे प्रश्न ऐकू येत नाहीत, फक्त उत्तरे ऐकू येतात. आमच्या आत्याने कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली होती. "मला त्या रिमोटमधले काही कळत नाही" असे सांगून ती बाजूला बसली होती, पंधरा मिनिटांनी तिने वही मागवली, तारखा आणि कपड्यांच्या रंगांवरून सात रकाने आखले आणि भाच्याला म्हणाली, "बाळा, तू नुसते शब्द टाक. ही बाई कुठल्या दिवशी काय बोलली ते मी सांगते." या खेळात शेवटी 'बरोबर' असा शिक्का कोणी मारत नाही. काय घडले याविषयी आई आणि आत्या यांची मते आजही वेगळी आहेत आणि दोघींकडे वहीतला पुरावा आहे.

भाचा ज्या जहाजावर अडकला होता तो खेळ म्हणजे लुकास पोप यांनी जवळजवळ एकहाती घडवलेला, २०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी वाहतुकीतले एक जहाज १८०२ साली लंडनहून निघाले, बेपत्ता झाले आणि १८०७ साली इंग्लंडच्या फालमथ बंदराला निर्मनुष्य येऊन लागले, अशी ही कल्पित कथा आहे. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. यादीत साठ माणसांची नावे आहेत आणि त्या प्रत्येकाचे नेमके काय झाले हे लिहून काढायचे आहे. हाती एक जादूचे घड्याळ असते. प्रेताजवळ ते उघडले की मृत्यूच्या क्षणाचे गोठलेले दृश्य दिसते आणि त्यात आपण हिंडून पाहू शकतो. चेहऱ्यावर नाव लिहिलेले नसते, म्हणून कोण कोणाला काय म्हणाले, कोणाच्या बोलण्याचा हेल कसा आहे, कोणाच्या झोळीवर कोणता क्रमांक आहे, कोणाच्या पायात कोणते जोडे आहेत यावरून ओळख पटवायची. यादीत प्रत्येकाचा मूळ देश दिलेला आहे आणि त्यात भारतीय खलाशीही आहेत. कंपनीच्या काळात लास्कर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा खलाशांनी प्रत्यक्षातही ब्रिटिश जहाजे चालवली, आणि कोकणाशी नाते असलेल्या माणसाला त्या यादीसमोर क्षणभर थांबल्याशिवाय राहवत नाही.

यातली सर्वांत हुशार योजना उत्तर तपासण्याची आहे. तीन माणसांचे सगळे तपशील बरोबर भरले गेले, तरच खेळ ती तीन उत्तरे एकदम पक्की करतो. एकेक उत्तर तपासता आले असते तर कोणीही अंदाजपंचे पर्याय बदलत बसला असता. तिघांचे एकदम जुळायला हवे म्हटल्यावर अंदाज निरुपयोगी होतो. शब्दकोडे सोडवताना आडव्या शब्दाची खात्री उभ्या शब्दाने पटते, तसेच हे आहे. आणि शब्दकोड्याप्रमाणेच पाठीमागून डोकावणाऱ्या माणसाला ते चटकन सुचते, ही घरात खेळताना मोठीच सोय आहे.

एक पडदा, पाच मते

एकट्यासाठीचा खेळ अनेकांनी खेळायचा म्हणजे निर्णय घेण्याची काहीतरी रीत लागते. काही खेळांत ती आतच बांधलेली असते. 'हिडन अजेंडा' या २०१७ च्या खेळात सहा जणांपर्यंत आपापला फोन हातात घेऊन मत देतात. त्याच्या एका प्रकारात कोणा एकाच्या फोनवर गुप्त सूचना येते की अमुक गोष्ट घडवून आण, आणि इतरांनी तो कोण ते ओळखायचे. २०२२ च्या 'अ‍ॅज डस्क फॉल्स' या, अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९८ साली फसलेल्या एका दरोड्याच्या कथेत आठ जण भाग घेऊ शकतात. बहुमताने निर्णय होतो. मात्र प्रत्येकाला मोजक्या वेळा बहुमत मोडून काढण्याचा अधिकार असतो. तो अधिकार कोण कशासाठी खर्च करतो हे पाहण्यासारखे असते.

ज्या खेळांत ही सोय नाही तिथे तोंडी मतदान करावे लागते, आणि तिथे आपल्या घरांची एक जुनी खोड आड येते. थोरले माणूस आधी बोलते आणि मग बाकीच्यांना त्यांचेच बरोबर वाटू लागते. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी मत मांडल्यावर उरलेले हात कसे वर जातात ते सर्वांनी पाहिले असेल. फोनवरचे मतदान एकाच वेळी होत असल्यामुळे ही अडचण आपोआप टळते. तोंडी खेळताना आम्ही उलटा क्रम ठेवतो: सर्वांत लहानाने आधी बोलायचे आणि कारण दिल्याशिवाय मत धरायचे नाही. हा नियम आईने केला हे मुद्दाम नोंदवतो, कारण त्याने सर्वांत जास्त तोटा तिचाच झाला.

काही खेळांत ठरावीक क्षणी चटकन बटण दाबावे लागते, नाहीतर पात्र पडते किंवा मरते. हे काम सरळ घरातल्या चपळ हातांकडे द्यावे. निर्णय कोणी घ्यायचा आणि बटण कोणी दाबायचे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. न्यू जर्सीला असलेली बहीण तर व्हिडिओ कॉलवर पडदा पाहत आमच्यासोबत जहाजावर हिंडली आणि जोड्यांवरून दोन माणसे तिनेच ओळखली.

आजीला इंग्रजी येत नाही, मग?

मी वर नाव घेतलेले खेळ मराठीत नाहीत. ही खरी अडचण आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. वाचून दाखवणारा आणि जागच्या जागी मराठी करणारा एक माणूस लागतो. पण हे दुभाषाचे काम दिसते तितके सरळ नाही, कारण पर्याय एकदोन शब्दांत लिहिलेले असतात आणि त्या शब्दाचा पात्र काय अर्थ लावेल हे इंग्रजी येणाऱ्यालाही कळत नाही. याचे गाजलेले उदाहरण 'एल. ए. नॉयर' या २०११ च्या खेळाचे आहे. १९४७ च्या लॉस एंजेलिसमधला पोलीस अधिकारी साक्षीदारांची जबानी घेतो आणि प्रत्येक उत्तरानंतर आपण खरे, शंका किंवा खोटे यांपैकी एक निवडतो. खेळणाऱ्याने सौम्यपणे 'शंका' निवडावी आणि नायकाने एकदम समोरच्या विधवेच्या अंगावर ओरडावे, असे प्रसंग घडत. २०१७ च्या नव्या आवृत्तीत ते तीन शब्द बदलून सौम्य पोलीस, कडक पोलीस आणि आरोप अशा अर्थाचे केले गेले.

यातून दुभाषासाठी एक युक्ती मिळते. शब्दाचे भाषांतर करून थांबू नये. "आता ती त्याला विचारणार आहे, पण रागाने विचारेल की गोडीने ते मला माहीत नाही" असे सरळ सांगावे. न कळणे सर्वांमध्ये सारखे वाटले गेले की इंग्रजी येणारा आणि न येणारा एकाच पातळीवर येतात. 'हर स्टोरी'त तर शब्द सुचवणे हाच खेळ असल्यामुळे आई मराठीत सुचवायची आणि भाचा त्याचे दोनतीन इंग्रजी प्रतिशब्द टाकून पाहायचा. 'आरसा' हा शब्द तिने सुचवला तेव्हा काय झाले ते इथे सांगत नाही.

रक्त आणि लहान मुले

रहस्यकथा म्हटली की प्रेत आले, आणि काही खेळांत ते फारच तपशिलात येते. 'अंटिल डॉन'ला युरोपात अठरा वर्षांवरील वयोगटाचे प्रमाणपत्र आहे आणि ते रास्त आहे; दहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून तो खेळू नये. 'ओब्रा डिन'ची चित्रे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची असली तरी मृत्यू त्यातही क्रूर आहेत. पाकिटावरचे वयाचे चिन्ह पाहणे आणि पहिला अर्धा तास मोठ्यांनी आधी खेळून घेणे, एवढे केले की बहुतेक चुका टळतात. खर्चाचे म्हणाल तर 'हर स्टोरी' फोनवरही चालतो. टीव्हीला जोडायचे महागडे यंत्र घेऊनच सुरुवात करायला हवी असे नाही.

उत्तर कळले की खेळ संपला का?

निष्कर्षाच्या खेळांपुरते याचे उत्तर 'हो' असेच आहे. साठ जणांचे काय झाले हे एकदा कळले की ते न कळल्यासारखे करता येत नाही. निवडींचे खेळ दुसऱ्यांदा खेळता येतात, पण पहिल्या वेळची धाकधूक परत येत नाही, आणि शिवण कुठे आहे ते आता ठाऊक असते.

मात्र ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यासाठी दुसरी एक जागा रिकामी होते. या वर्षी गणपतीत दुसरी चुलत मंडळी आमच्याकडे आली तेव्हा त्यांच्यासाठी तो जहाजाचा खेळ पुन्हा लावला आणि भाचा सूत्रधार म्हणून मागे बसला. नियम एकच होता: कोणी विचारल्याशिवाय बोलायचे नाही, आणि विचारले तरी फक्त 'पुन्हा बघा' एवढेच म्हणायचे. तीन तासांत तो अकरा वेळा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. काकांनी एका चिनी खलाशाचे नाव भारतीय खलाशाच्या चेहऱ्याला लावले तेव्हा त्याने उशी तोंडावर धरली, आणि आत्या त्याच्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "काका, जरा थांबा. हा मुलगा ज्या अर्थी उशी चावतोय, त्या अर्थी तुमचे चुकलेले आहे." सूत्रधाराच्या चेहऱ्यावरून पुरावा गोळा करण्यावर तेव्हापासून आमच्या घरी बंदी आहे.